पहिली फुल ट्रायथलॉन परदेशात करायची आहे, पण कुठे?

प्रश्न : नेरूळहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४३, राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी. छत्तिसाव्या वर्षी पोहायला शिकल्या आणि गोव्याची हाफ आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ, फुलच्या निम्म्या अंतराचं) दोनदा पूर्ण केली. दुसऱ्या खेपेला पोहायला ५८ मिनिटं आणि सायकलला ३ तास २५ मिनिटं लागली. पुढच्या वर्षी त्यांना पहिली फुल करायची आहे, तीही परदेशात. सायकलच्या ग्रुपमधले सात-आठ जण ऑगस्टमध्ये कझाकस्तानला, अस्तानाला निघाले आहेत आणि 'सपाट आहे, व्हिसाची कटकट नाही, स्वस्त पडतं, तूही चल' म्हणून मागे लागले आहेत. यांच्या मनात मात्र ऑस्ट्रियातलं क्लागेनफुर्ट भरलं आहे. एक मैत्रीण म्हणते, मलेशियातली लंकावी कर, हवा आपल्यासारखीच असते. थंड पाण्याची भीती वाटते. मुलगी याच जूनमध्ये बारावीत गेली, पुढच्या मे महिन्यात तिची नीट आहे. सासूबाई ७६ वर्षांच्या, घरीच असतात. नवरा 'कर' म्हणाला, पण खर्चाचा आकडा ऐकून गप्प झाला. शेवटी त्या लिहितात : 'सगळ्यात सोपी शर्यत कुठली तेवढं सांगा. आणि मी स्वार्थीपणा करतेय का, तेही खरं खरं सांगा.'

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात पाण्याबद्दल दोन पानं आहेत आणि सायकलबद्दल एक ओळ. म्हणून उत्तर लिहिण्याआधी मी तुमचे आकडे एका कागदावर मांडले. सोपी शर्यत कुठली, हे गावाचं नाव बघून ठरत नाही. ते तुमच्या स्वतःच्या वेळांवरून ठरतं, आणि त्या तुम्ही प्रामाणिकपणे लिहून पाठवल्या आहेत.

फुल म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं. बहुतेक ठिकाणी पोहायला २ तास २० मिनिटं, पोहणं आणि सायकल मिळून साडेदहा तास आणि सगळं मिळून १७ तास देतात. काही शर्यतींत एकूण वेळ याहून कमी असते, आणि सायकलच्या नि धावण्याच्या वाटेवर मधल्या टप्प्यांनाही कटऑफ असतो, म्हणजे त्या वेळेत तिथे पोहोचला नाहीत तर शर्यतीतून बाद. तेव्हा पैसे भरण्याआधी त्या शर्यतीची खेळाडूंसाठीची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, हे आत्ताच ठरवून टाका.

आता तुमचा हिशेब. गोव्यात समुद्रात, वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) न घालता १.९ किलोमीटर ५८ मिनिटांत झालं. दुप्पट अंतराला थकवा धरून २ तास ५ मिनिटं लावू. म्हणजे कटऑफच्या पंधरा मिनिटं आधी तुम्ही काठावर आहात. ट्रान्झिशनला, म्हणजे पाण्यातून बाहेर येऊन सायकलची तयारी करायला, बारा मिनिटं. सायकल गोव्यात ताशी २६ च्या जरा वर पडली होती, १८० किलोमीटरला ती २४ वर येईल असं धरलं तर साडेसात तास. बेरीज ९ तास ४७ मिनिटं, हातात ४३ मिनिटं. पण रस्ता चढ-उताराचा निघाला किंवा वारा समोरून लागला आणि सरासरी साडेबावीसवर घसरली, तर सायकललाच आठ तास जातात. बेरीज १० तास १७ मिनिटं. हातात तेरा मिनिटं उरतात, आणि एक पंक्चर आणि एकदा शौचालय एवढ्यात ती संपतात. धावण्याचं म्हणाल तर सायकल वेळेत ठेवली की मॅरेथॉनला सात तासांच्या आसपास मिळतात. किलोमीटरला दहा मिनिटं पडली तरी जेमतेम बसतं, आणि तुम्ही त्याहून बऱ्याच वेगाने धावता.

तर भीती तुम्हाला पाण्याची वाटते आहे, आणि घरी परत पाठवलं जाण्याचा धोका आहे सायकलवर. हे मी घाबरवायला सांगत नाही. उलट ही चांगली बातमी आहे, कारण सायकलची सरासरी ताशी दीड-दोन किलोमीटरने वाढवणं हे वर्ष-दीड वर्षात होण्यासारखं काम आहे. फक्त कष्ट कुठे घालायचे, ते आधी नीट कळायला हवं.

सपाट म्हणजे सोपं, हे आपल्याकडच्या ग्रुपांमध्ये इतकं पक्कं बसलं आहे की कुणी दुसरी बाजू बघतच नाही. अस्तानाचा रस्ता सपाट आहे, यात शंका नाही. पण सपाट रस्त्यावर उतार नसतो, आणि उतार नसला की पाय थांबत नाहीत. सात-साडेसात तास त्याच वाकलेल्या अवस्थेत, त्याच सीटवर, एकसारखं पेडल मारत राहायचं. मान, कंबर आणि सीटचं दुखणं तिथे चढावरच्यापेक्षा जास्त छळतं. शिवाय तो गवताळ, उघडा मैदानी प्रदेश आहे, वारा अडवायला काही नाही. तुम्ही सराव करता तो पाम बीच रोडही सपाटच, पण तिथे सिग्नल लागतो, दर नऊ-दहा किलोमीटरला वळावं लागतं, कुणीतरी ओळखीचं भेटतं. शरीराला नकळत विश्रांती मिळत राहते. एका रविवारी पनवेलवरून जुन्या पुणे रस्त्याने खोपोलीपर्यंत जाऊन या, न थांबता, न उठता. शंभरेक किलोमीटर होतील. (ठाण्याचे वाचक नाशिक रस्त्याने शहापूरपर्यंत हाच प्रयोग करू शकतात.) परत आल्यावर मान वळत असेल तर सपाट रस्ता तुमच्यासाठी खरंच सोपा आहे.

थंड पाण्याबद्दल तुमचा समज मला पुरता बदलायचा आहे. क्लागेनफुर्टचं पोहणं वोर्थर सरोवरात होतं. आल्प्सच्या भागातल्या सरोवरांमध्ये ते उबदार म्हणून ओळखलं जातं. आयर्नमॅनच्या नियमांप्रमाणे पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर आपल्यासारख्या हौशी स्पर्धकांना वेटसूट घालता येतो, आणि १६ अंशांच्या खाली गेलं तर तो सक्तीचाच असतो. वेटसूट ऊब देतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो तरंगवतो. मोठेपणी पोहायला शिकलेल्या बहुतेकांचे पाय पाण्यात खाली जातात आणि सगळी ताकद ते वर ठेवण्यातच खर्च होते. वेटसूट तेच पाय उचलून धरतो. छत्तिसाव्या वर्षी शिकलेल्या बाईला यातून मिळणारी मिनिटं लहानपणापासून पोहणाऱ्यापेक्षा जास्त असतात. म्हणजे ज्या थंड पाण्याला तुम्ही भिताय, ते तुमच्या बाजूचं आहे. लंकावीच्या कोमट समुद्रात ही मदत मिळणार नाही.

त्रास होतो तो पहिल्या दोन-तीन मिनिटांत. चेहऱ्याला गार पाणी लागलं की श्वास अडकतो, छातीवर सूट घट्ट बसलेला असतो, आणि मनाला वाटतं की आपण बुडतोय. याला औषध एकच, ते दोन-तीन मिनिटांचं घाबरणं आधी अनुभवून ठेवणं. तिथे शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी पोहोचा आणि रोज सकाळी वीस मिनिटं पाण्यात उतरा. आधी तोंडावर पाणी मारा, सुटात थोडं पाणी जाऊ द्या, संथ श्वास सोडत राहा, मग डोकं खाली घाला. इथे सूट घालून सराव करायचा तर जानेवारीत, पहाटे, तलावाच्या व्यवस्थापनाची परवानगी काढून, आणि वीसच मिनिटं. आपल्या तरणतलावांच्या पाण्यात सूट घालून जास्त वेळ पोहलात तर उष्म्याने चक्कर येईल.

लंकावीची हवा आपल्यासारखी, हे मैत्रिणीचं म्हणणं खरं आहे. पण तुम्ही आपल्या हवेत धावता कधी? पहाटे पाचला. घाम फुटायच्या आत घरी येता. तिथे मॅरेथॉन सुरू होते दुपारी, सायकलचे सात-आठ तास अंगावर घेऊन. नेरूळमध्ये मे महिन्यात दुपारी दोन वाजता जुएल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर धावायची तुम्हाला सवय असती, तर लंकावी तुमच्या सवयीची म्हटली असती. ती शर्यत सुंदर आहे, प्रवास जवळचा आहे, खर्च कमी आहे. सोपी मात्र ती कुठल्याच अर्थाने नाही. सायकलचा रस्ताही चढ-उताराचाच आहे.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत त्याकडे येते, कारण माझं खरं म्हणणं तिथेच आहे. शर्यत निवडताना सगळे तिथला नकाशा बघतात. मी म्हणते, आधी इथले बारा आठवडे बघा. शर्यत एका दिवसाची. तिच्या आधीचे तीन महिने आठवड्याला बारा ते पंधरा तास सराव, शनिवार-रविवारी पाच-सहा तासांची सायकल, अडीच-तीन तासांचं धावणं, रात्री नऊला डोळे मिटणं. हे तीन महिने नेरूळमध्ये, तुमच्या घरात, तुमच्या बँकेत घालवायचे आहेत. ते कोणत्या ऋतूत आणि घराच्या कोणत्या काळात येतात, त्यावर शर्यत तरणार की बुडणार हे ठरतं. क्लागेनफुर्ट काय आणि अस्ताना काय, नंतर येतं.

जूनमधल्या युरोपीय शर्यतीचे बारा आठवडे मार्च ते मे येतात. ऊन कडक, पण रस्ते कोरडे. पहाटे चारला निघालं की आठ-साडेआठपर्यंत बरंचसं उरकतं. ऑगस्टच्या अस्ताना किंवा कोपनहेगनसाठी मे ते जुलै, म्हणजे निम्मा सराव पावसात. खड्डे पाण्याखाली दडलेले, पुलांचे लोखंडी सांधे निसरडे, आणि पाच-पाच तास घरात ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) भिंतीकडे बघत बसायचं. ते ज्यांना जमतं त्यांना जमतं. लंकावी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास असते, तिच्यासाठी भर पाऊस, मग गणपती, नवरात्र. ऑस्ट्रेलियात बसल्टनची शर्यत डिसेंबरमध्ये असते, तिच्या वाटेत ऑक्टोबरचा उन्हाळा आणि दिवाळी. सरावासाठी आपल्याकडचा सर्वांत सुंदर काळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि त्या काळाला जुळणारी शर्यत न्यूझीलंडच्या टाउपोची, मार्चच्या सुरुवातीला. गोड्या पाण्याचं सरोवर, थंड हवा. ठाणे-नवी मुंबईच्या इतर वाचकांना मी ती आवर्जून सुचवेन. तुम्हाला नाही, कारण बँकेत मार्चमध्ये रजा मागणाऱ्या अधिकाऱ्याकडे लोक कसे बघतात ते तुम्हाला माहीत आहे.

यात आता मुलीची परीक्षा बसवा. पुढच्या जूनची शर्यत धरली, तर तुमचे सर्वांत जड बारा आठवडे बारावीच्या बोर्डाच्या शेवटापासून नीटपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातात. ती रात्री एकपर्यंत जागणार आणि तुम्ही नऊला झोपणार. तुम्ही पहाटे साडेतीनला उठणार तेव्हा तिचा जेमतेम डोळा लागलेला. ऑगस्ट धरला तर नीट उरकते, पण निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या आणि पाऊस तिन्ही एकदम येतात. कटऑफला तेरा मिनिटं शिल्लक असणाऱ्या स्पर्धकाला अर्धवट सराव परवडत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत : पुढच्या वर्षी नको. क्लागेनफुर्टलाच जा, पण त्याच्या पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, हे मी जाणते. वय वाढतंय, असंही मनात येईल. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली तेव्हा त्यांच्या पन्नाशीला काही महिनेच उरले होते. तुम्ही तेव्हा पंचेचाळिशीत असाल. एका वर्षाने तुमचे पाय थकणार नाहीत. सायकलची सरासरी मात्र सुधारेल, आणि तेरा मिनिटांचे पन्नास-साठ मिनिटं होतील.

फक्त एक विनंती आहे. शर्यत पुढे ढकललीत, तर कारण मुलीच्या नावावर टाकू नका. 'तुझी बारावी होती म्हणून मी गेले नाही' हे वाक्य आपल्याकडच्या कितीतरी मुलींनी आयुष्यभर वागवलं आहे. तुमच्या लेकीला कदाचित आई घरात बसून हवीच नसेल. तिला विचारा. ती 'जा' म्हणाली तरी माझं मत बदलत नाही, कारण ते तुमच्या सरावावरून बनलं आहे. पण तिच्याशी बोलणं व्हायला हवं, आणि त्या वर्षात रविवारी सकाळी दोन तास सायकलवर जाणारी आई तिला दिसत राहायला हवी. सराव बंद करा असं मी कुठेही म्हणत नाही.

ग्रुपबद्दल. पहाटे चारला पाम बीचवर किंवा सायन-पनवेल रस्त्यावर बाईने एकटीने सायकल काढणं आणि सहा-सात जणांच्या सोबतीने काढणं यात किती फरक आहे, ते सांगायला नको. ती सोबत सोडू नका. प्रवासातही ग्रुपचा आधार मोठा असतो : सायकल उघडून जोडायला हात, खोलीचा वाटा, पोट बिघडलं तर औषध. पण शर्यतीच्या दिवशी ग्रुप तुमच्या कामाचा नाही. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, नाहीतर दंड बसतो. सगळे एकत्र जाऊन सगळे एकेकटेच सायकल चालवतात. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात ते अस्तानाची तयारी करतील तेव्हा जमेल तितकं त्यांच्याबरोबर चालवा, त्यांना निरोप द्यायला विमानतळावर जा, आणि त्याच्या पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये तुमच्या सरावासाठी त्यांच्या पहाटे मागा. चांगला ग्रुप नाही म्हणत नाही.

आणि समजा तुमचं मन क्लागेनफुर्टपेक्षा या माणसांमध्येच जास्त गुंतलेलं आहे, शर्यत निमित्तमात्र आहे, असं आतून वाटत असेल, तर अस्ताना हीही चुकीची निवड नाही. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा न घेता जाता येतं, हवा सुखद असते, पोहणं नदीत होतं आणि वेटसूट चालण्याइतकं पाणी बहुधा गार असतं. मग एकच अट : यंदाच्याच पावसाळ्यात चार रविवार ट्रेनरवर चार-चार तास बसून बघा. चौथ्या रविवारी पुन्हा बसावंसं वाटलं तर जा.

स्वार्थीपणाबद्दल विचारलंत. नाही. स्वतःच्या कमाईतून, इतकी वर्षं झिजून मिळवलेल्या ताकदीची एक परीक्षा बाईला द्यावीशी वाटली, तर त्याला स्वार्थ हा शब्द मी लावू देणार नाही. आपल्याकडे नवऱ्याच्या ट्रेकला, क्रिकेटला, मित्रांबरोबरच्या गोवा-वारीला हा प्रश्न कुणी विचारत नाही. पण घराकडून तुम्ही पैशापेक्षा मोठी गोष्ट घेणार आहात, रविवारच्या सकाळी. सासूबाईंची सकाळची औषधं, नाश्ता, त्यांना बाथरूमपर्यंत सोबत, हे त्या बारा आठवड्यांत कोण करणार? 'होईल काहीतरी' हे उत्तर धरू नका. नवरा करणार असेल तर तसं ठरवून घ्या. बाई लावायची असेल तर तिचा पगार शर्यतीच्या खर्चात धरा. आणि सासूबाईंना स्वतः सांगा, तुम्ही कुठे आणि कशासाठी जाताय ते. बऱ्याच घरांत हे बोलणं मुलगा आणि सून यांच्यातच उरकतं, आणि ज्यांच्या सकाळी बदलणार त्यांना शेवटी कळतं.

नवरा गप्प झाला म्हणजे नाही म्हणाला, असं नव्हे. पण त्या गप्प बसण्याला होकार समजून तिकीट काढू नका. त्याने बहुधा फक्त प्रवेश शुल्काचा आकडा ऐकला आणि पुढे काय काय निघेल या विचारात पडला. सगळा खर्च एका कागदावर मांडा : प्रवेश शुल्क, विमान, सहा-सात रात्रींचं राहणं, सायकलचं जादा सामान, विमा, व्हिसा, वेटसूट, सायकलची सर्व्हिसिंग. माझ्या अंदाजाने युरोपसाठी हे तीन लाखांच्या घरात जातं. लंकावीला त्याच्या निम्म्यात भागू शकतं. बँकेतल्या माणसाला आवर्ती ठेवीबद्दल मी काय सांगावं! महिन्याला १५ हजारांची, वीस महिन्यांची उघडा. पुढच्या वर्षी नको म्हणण्यामागे हेही एक कारण आहेच. मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी हे पैसे एकदम काढले तर ते तुम्हालाच बोचत राहतील, आणि बोचणाऱ्या पैशाने केलेल्या शर्यतीत मन रमत नाही.

मधला काळ रिकामा ठेवू नका. या हिवाळ्यात २०० किलोमीटरची एक बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) करा. तिला साडेतेरा तास मिळतात. तुम्ही थांबे धरून दहा तासांत आलात तर सायकलचा प्रश्न निम्मा सुटला असं समजा. चढांसाठी आठवड्यातून एकदा खारघरची टेकडी, आणि महिन्यातून एकदा ठाण्याला येऊन येऊर. क्लागेनफुर्टला लागणारे पाय तिथेच घडतील, आणि उतारावर ब्रेक न दाबता सायकल सोडायलाही शिकाल. बऱ्याच जणी चढ नेटाने चढतात आणि कमावलेली मिनिटं उतारावर घाबरून घालवतात. उघड्या पाण्यासाठी डिसेंबरच्या सुमारास मालवणला चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा होते, तिला जा. बरोबर सुरक्षेच्या होड्या असतात. उपवन किंवा कुठल्याही तलावात, किंवा खाडीत एकटीने उतरायचं धाडस मात्र करू नका. ३.८ किलोमीटर तरणतलावात भिंतीला न थांबता पोहून वेळ लावा. २ तास ५ मिनिटांच्या आत आलात तर पाण्याची चिंता मनातून काढून टाका.

हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. एवढा सराव करणाऱ्या बायकांमध्ये लोह कमी पडणं नेहमीचं आहे, आणि आपण तो थकवा घरकामाच्या खाती टाकून मोकळ्या होतो. चाळिशीनंतर हृदयाची एक तपासणीही करून घ्यावी. आणखी एक, ज्याबद्दल प्रशिक्षक सहसा बोलत नाहीत : शर्यतीच्या दिवशी पाळी आली तर? लांब सायकलचा एखादा रविवार मुद्दाम त्याच दिवसांत करा. काय वापरायचं, कुठे बदलायचं, पोटाला काय सोसतं, सगळं घरीच कळून जाईल.

शर्यतीच्या नावाबद्दल थोडंसं, कारण तुम्ही 'आयर्नमॅनच हवी' असं लिहिलंय. आयर्नमॅन हे एका कंपनीचं नाव आहे. हेच अंतर जर्मनीत रोथला 'चॅलेंज' नावाच्या शर्यतीतही असतं, आणि तिची जगभर इतकी ख्याती आहे की जागा काही मिनिटांत संपतात. नावासाठी अडून बसू नका, पण ते नाव तुम्हाला खरंच हवं असेल तर त्यात लाजण्यासारखंही काही नाही.

आता प्रवासाचं. ऑस्ट्रियाला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. एप्रिल-मेमध्ये मुंबईत भेटीची वेळ मिळवणं हे एक वेगळंच दिव्य असतं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत उरकून टाका. परदेशी जाण्यासाठी तुमच्या बँकेची ना-हरकत लागेल, ती आणखी आधी मागा. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण साध्या प्रवास विम्यातून स्पर्धात्मक खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात. तुमची शर्यत त्यात येते का, हे लेखी विचारून घ्या. प्रवेश शुल्क परत मिळणार नाही असं धरूनच भरा. साधारणपणे एक शर्यत संपली की पुढच्या वर्षीची नोंदणी उघडते आणि सुरुवातीचा दर कमी असतो. म्हणजे नीटची परीक्षा आटोपल्यावर, पुढच्या जून-जुलैत, मुलीसमोर बसून ती भरता येईल.

ऑस्ट्रियात आणि कझाकस्तानात रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. सायकलवरही उजवीकडे राहायचं, आणि पुढच्याला डावीकडून ओलांडायचं. आपल्याला लागलेली सवय बरोबर उलटी आहे, आणि थकल्यावर शरीर जुन्या सवयीकडे वळतं. पोहोचल्यावर दोन दिवस रोज तासभर सायकल चालवा, वळणं आणि गोल चौक घ्या. मलेशिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला हा प्रश्न नाही, तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालतात.

सायकल पेटीत भरायला आणि उघडून जोडायला इथल्या मेकॅनिककडे बसून शिका, आणि निघण्याआधी एकदा सगळं स्वतःच्या हाताने करा. गिअर इलेक्ट्रॉनिक असतील तर सुटी होणारी बॅटरी आणि पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवायची. वेटसूट, हेल्मेट, बूट आणि गॉगलही हातातच घ्या. बॅग हरवली तर सायकल भाड्याने मिळते, पण स्वतःच्या मापाचा सूट ऐनवेळी मिळत नाही. महागडी सायकल असेल तर जाताना विमानतळावर कस्टमच्या खिडकीवर तिचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, चौकटीवरचा क्रमांक लिहून. परत येताना 'ही नवी आणली का' असं कुणी विचारलं की तो कागद दाखवायचा. त्यासाठी विमानतळावर तासभर आधी पोहोचा.